ओंबो म्हणजे नक्की कोण?

कानामात्रांना त्यांच्याच घरातली आठ वर्षांची मुलगी 'अहो' म्हणते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कळलं तर माणूस भलतंच काहीतरी समजून बसायचा.

कानामात्रा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. सरकारी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढल्यावर ते मागं लागलेलं नाव. दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं छापायचं आणि यांनी मधे बसून लाल पेनानं चुका काढायच्या, असा तो धंदा. निवृत्त झाले तरी हात काही निवृत्त होईना. इमारतीच्या फळ्यावर 'पाणि येणार नाही' असं लागलं, की पाणी येणार नाही याचं दुःख बाकीच्यांना व्हायचं आणि यांना 'णि' ऱ्हस्व असल्याचं. खिशातून पेन काढून आधी तो दीर्घ करायचे, मग बादल्या भरायला घरी पळायचे. तोवर पाणी गेलेलं असायचं.

तर गेल्या वर्षी त्यांच्या मुलानं लग्न केलं. सून दूरदेशी वाढलेली, तिकडं पहिल्या नवऱ्याशी फारकत झालेली, आणि बरोबर आठ वर्षांची लेक. कानामात्रांना सून पसंत होती, लेकही पसंत होती. अडचण एवढीच, की लेकीनं तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला 'आजी' म्हणायला सुरुवात केली, महिन्याभरात त्यांच्या मुलाला 'बाबा' म्हणू लागली, आणि यांच्यावर आल्यावर गाडी थांबली. काही दिवस ती यांना काहीच म्हणत नव्हती. मग आजी दिवसातून शंभर वेळा 'अहो, ऐकलं का', 'अहो, पंखा बंद करा' म्हणते हे तिनं ऐकलं आणि तीही म्हणू लागली, "अहो, जेवायला बोलावलंय."

घरात एक वेळ ठीक. पण भर दुकानात, रांगेत पाचसात माणसं असताना, "अहो, साबण विसरलात!" असं तिनं ठणकावून सांगितलं तेव्हा दुकानदार तराजू सोडून हसला. "काय हो, घरात दोन-दोन जणी धाक दाखवतात वाटतं?" म्हणाला. कानामात्रा साबण न घेताच परत आले.

"तिला सरळ सांगा की, आजोबा म्हण म्हणून," बायको म्हणाली.

"मी सांगू? मागून घेतलेला आजोबा काय कामाचा? तिला वाटेल तेव्हा म्हणेल."

"मग बसा वाट बघत."

बसले. दहा महिने बसले. वरून म्हणायचे, मला काही फरक पडत नाही. पण छोटी शाळेतून आली, दारातून "आजी!" अशी हाक आली, की वर्तमानपत्राचं पान उलटायचं ते विसरायचे. फार वाईट वाटायचं हो त्यांना. आता माणसानं वाईट वाटून घ्यायचं आणि तोंडानं बोलायचं नाही म्हटल्यावर कोण काय करणार?

अशात वाचनालयाच्या बाई घरी आल्या. मुलांचं वाचनालय त्यांच्याच रस्त्यावर होतं, दवाखान्याच्या वर, दीड खोलीचं. तिथं भेट म्हणून एक खोकं आलं होतं: देशोदेशीची मुलं घरात कशी राहतात, यावरची पाच चित्रांची पुस्तकं, प्रत्येकाच्या आठ प्रती. चित्रं अशी सुरेख, की बघत राहावं. कुठं नदीवर तरंगणारं घर, कुठं एकाच खोलीत झोपलेली अकरा माणसं, कुठं बकऱ्यांच्या कळपामागं हिंडणारं बिऱ्हाड. अडचण एकच. मजकूर परक्या भाषेत, आणि ती भाषा नेमकी सूनबाईंच्या देशातली.

"सूनबाई अर्थ सांगतील, तुम्ही चांगल्या मराठीत लिहा," बाई म्हणाल्या. "आपण मराठी मजकुराच्या पट्ट्या छापून मूळ ओळींवर चिकटवू. तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?"

हे शेवटचं वाक्य बाईंनी बोलायला नको होतं. कानामात्रांची छाती दोन इंच वर आली. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या मनात आणखी एक होतं. ही पुस्तकं छोटी वाचणार. पहिल्या पानावर बारीक अक्षरात 'मराठी मजकूर' म्हणून आपलं नाव असणार. मग बघू कसं 'अहो' म्हणते ते.

पहिली तीन पुस्तकं सुरळीत झाली. पाचवं, बकरीवालं, तेही झालं. चौथ्यात माशी शिंकली.

चौथं पुस्तक एका साध्या घराचं होतं. एक मुलगी, तिची आई, आजी आणि एक मिशाळ माणूस. हा मिशाळ बनियनवर भांडी घासतो, मुलीची सायकल दुरुस्त करतो, आजीच्या चष्म्याला दोरी बांधून देतो. मुलगी त्याला म्हणते 'ओंबो'.

"ओंबो म्हणजे काय?" कानामात्रांनी विचारलं.

"काका," सून म्हणाली. कामाच्या दौऱ्यासाठी बॅग भरता भरता ती एकेका ओळीचा अर्थ भराभर सांगत होती. "किंवा मामा. किंवा आत्याचे यजमान, मावशीचे यजमान... तिकडं सगळ्यांना ओंबोच म्हणतात, बाबा."

"सगळ्यांना? मग समजतं कसं कोण कोणाचा ते?"

"घरातल्यांना माहीत असतंच की. काहीही लिहा, काय फरक पडतो?" असं म्हणून ती पंधरा दिवसांसाठी निघून गेली.

काय फरक पडतो! कानामात्रा जागच्या जागी बसून राहिले. काका आणि मामा यांत काय फरक पडतो! उद्या म्हणाल वेलांटी आणि उकार यांत काय फरक पडतो. त्यांनी भिंग घेतलं आणि मिशाळाचं नाक आणि आईचं नाक ताडून पाहिलं. चित्रकारानं सगळ्यांनाच एकसारखी नाकं काढली होती. बेजबाबदार माणूस.

मग ते पुस्तक घेऊन खाली शिंप्याकडं गेले. शिंपी म्हणजे अनुभवी माणूस, चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेला. त्यानं टेप गळ्यात टाकून चित्र नीट पाहिलं.

"काका," तो म्हणाला. "मामा म्हणजे पाहुणा. पाहुण्याला कोणी भांडी घासायला लावतं का? हा घरचाच माणूस आहे. शिवाय बनियन बघा, दोन ठिकाणी उसवलंय. असं बनियन घालून बहिणीकडं कोण जाईल?"

पटलं. कानामात्रा 'काका' लिहायला वर निघाले, तर जिन्यात वकीलबाई भेटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या या बाई कौटुंबिक न्यायालयात वकिली करत, त्यामुळं कुटुंब या विषयावर त्यांचं मत कोणी मागण्याची वाट त्या बघत नसत.

"काका? काहीतरीच काय!" बाई म्हणाल्या. "भावजयीसमोर बनियनवर बसेल का माणूस? एवढा मोकळेपणा बहिणीच्याच घरी. आणि नवरा कुठाय या बाईचा? एकाही पानावर नाही. म्हणजे बाई माहेरी आली आहे. आजी ही तिची आई. मिशाळ तिचा भाऊ. मामा! यात वादच नाही."

शिंपी खालून ओरडला, "वाद कसा नाही?" आणि मग जिन्यात पाऊण तास वाद झाला. शिंपी बनियनवरून हटेना, वकीलबाई माहेरावरून हटेनात. कानामात्रा मधल्या पायरीवर उघडं पुस्तक धरून उभे होते, आणि दोन्ही पक्ष त्यांच्या हातावर बोट आपटून पुरावे दाखवत होते. छोटी शाळेतून आली, तिघांच्या मधून वाट काढत वर गेली. जाताना तिनं पुस्तकाकडं एकदा पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तो तर..."

"थांब गं, मोठी माणसं बोलतायत ना," कानामात्रा म्हणाले. वकीलबाईंना मात्र 'अहो' ऐकू गेलं. त्या तोंडावर पदर धरून हसल्या. कानामात्रांचा उरलेला दिवस त्यातच गेला.

तेवढ्यात कचेरीचं लचांड उपटलं. वाचनालय होतं नगर-कचेरीच्या अखत्यारीत, आणि कचेरीच्या नियमांत पुस्तकावर काहीही चिकटवणं हे 'नुकसान' या सदरात मोडत होतं. नुकसान करायचं तर परवानगी हवी. परवानगीसाठी अर्ज, तीन प्रतींत. कानामात्रांनी अर्ज हातात घेतला आणि पहिल्याच ओळीत त्यांना 'पुस्तकातिल' दिसलं. छापील अर्जात! त्यांचा हात आपोआप खिशाकडं गेला. तिन्ही प्रतींवर त्यांनी 'ति' दीर्घ केला, आणखी सहा चुका दुरुस्त केल्या, आणि एक उपकार केल्याच्या समाधानात अर्ज कारकुनापुढं ठेवला.

कारकुनानं तो शांतपणे वाचला. मग तळाची ओळ बोटानं दाखवली. 'खाडाखोड असलेला अर्ज स्विकारला जाणार नाही.'

"पण मी चुका दुरुस्त केल्यात!"

"खाडाखोडच ती."

"यातसुद्धा 'स्वीकारला' पाहिजे. 'स्वी' दीर्घ."

"करा बघू हिंमत," कारकून म्हणाला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे अर्धे मिटून अर्ज भरला. तर मजकुराचा नमुना जोडला होता त्यात 'काका/मामा' अशी तिरकी रेघ होती. कारकून म्हणाला, एक काय ते ठरवा, सरकारी कागदावर तिरका माणूस चालणार नाही. तिसऱ्या खेपेला कानामात्रांनी 'मामा' लिहिलं. वकीलबाईंचं पटलं म्हणून नव्हे. शिंपी निदान अर्ध्या तासात दमायचा, बाई दमत नसत. आणि मामा लिहिलंच आहे तर वाचकाच्या मनात शंका नको, म्हणून दुसऱ्या ओळीत पदरचं एक वाक्य घातलं: 'हा माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ.' कारकुनानं शिक्का मारला. जाता जाता, "रविवारी मुलांना पुस्तकं वाचून दाखवायचा कार्यक्रम आहे ना, मी येतोय," असंही म्हणाला.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मांडल्या. पाच पुस्तकांच्या पाच चळती, पानांच्या क्रमानं, एकेक ओळ तपासलेली. एक चूक सापडती तर कानामात्रांनी मिशी उतरवली असती. गोंदाची बशी तयार झाली आणि आतून बायको आली, म्हणाली, "अहो, किती उकडतंय, पंखा तरी लावायचा," आणि तिनं बटण दाबलं.

पुढची पाच मिनिटं त्या खोलीत कोणाला काही दिसत नव्हतं. पट्ट्या फडताळावर, पडद्यात, कानामात्रांच्या सदऱ्यात. तीन पुस्तकांच्या बशीखाली दबल्या होत्या म्हणून वाचल्या. चौथ्याच्या आणि पाचव्याच्या मात्र उडाल्या. छोटी टेबलाखाली शिरून गोळा करू लागली. कानामात्रा त्या लांबीवरून जुळवत होते. दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, ओळी एकाच लांबीच्या.

"अहो, ही पट्टी इथली नाहीये."

"मधे बोलू नकोस, माझा हिशेब चुकतो."

"पण अहो..."

"चाळीस वर्षं हेच काम केलंय मी!" ते जरा जोरातच बोलले. छोटी टेबलाखालून बाहेर आली, हातातल्या पट्ट्या नीट एकावर एक ठेवल्या आणि आत आजीकडं गेली.

रविवारी सकाळी वाचनालयात चाळीसेक मुलं सतरंजीवर बसली होती. मागं खुर्च्यांवर शिंपी, वकीलबाई आणि कारकून. बायको आणि छोटी दाराशी. कानामात्रांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी चौथं पुस्तक उघडलं, चित्र मुलांकडं धरलं आणि वरून मान वाकवून पट्टी वाचू लागले. आवाज खणखणीत, प्रत्येक अनुस्वार जिथल्या तिथं.

"'हा आमचा मामा. आम्हाला फार आवडतो.'"

वकीलबाईंनी शिंप्याकडं बघितलं. पान उलटलं. मिशाळ भांडी घासत होता.

"'रोज पहाटे आई दूध काढते. दोन लिटर तरी निघतंच.'"

मुलं एकमेकांकडं बघू लागली. कानामात्रा थांबले नाहीत. इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, की त्यांनी आयुष्यभर अक्षरं वाचली होती. अर्थ वाचायची त्यांना सवयच नव्हती.

"'शिंगं मोठी आहेत, पण उगाच कोणाला मारत नाही.'"

"आमचा मामा मारतो," पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला, आणि सगळी खोली फुटली. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. कोणीतरी पाचवं पुस्तक उघडलं. त्यात दाढीवाल्या बकरीखाली स्वच्छ छापलं होतं: 'हा माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. कामावरून आला, की आधी मिशा पुसतो.' शिंप्याला ठसका लागला. कारकून खिशातला रुमाल तोंडात कोंबून खिडकीकडं वळला.

आठही प्रतींत तेच. मजकुरात एकही चूक नव्हती, एवढं मात्र मान्य करायला हवं. फक्त मजकूर बकरीचा होता.

"मुलांना फार आवडलं हो," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या होत्या, पण कानामात्रांना ते टोमण्यासारखं लागलं. त्यांनी चौथ्याच्या आणि पाचव्याच्या सोळा प्रती पिशवीत भरल्या आणि कोणाशी न बोलता घरी आले. जेवले नाहीत. "मी झोपतो जरा," म्हणाले आणि झोपले नाहीत. बाहेर येऊन टेबलापाशी बसले. गरम पाण्यात फडकं बुडवून एकेक पट्टी भिजवून सोडवायला लागले.

थोड्या वेळानं समोरची खुर्ची सरकली. छोटी बसली. तिनंही एक फडकं घेतलं. तिच्या बोटांना हे काम छान जमत होतं. यांची पट्टी फाटायची, तिची अखंड निघायची. पट्टीखालून मूळ ओळी वर आल्या, तशी ती त्या हलक्या आवाजात वाचू लागली. ती परकी भाषा, भराभर, न अडखळता.

कानामात्रांचा हात थांबला. या घरात ती भाषा येणारं माणूस पंधरा दिवस त्यांच्यासमोर जेवत होतं.

"तुला येतं हे सगळं?"

"मी तिकडं शाळेत होते ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही शिंपीकाकांना विचारलं, वकीलकाकूंना विचारलं. मला कुठं विचारलंत?" ती रागावून नव्हती बोलत. जे घडलं तेच सांगत होती.

कानामात्रांनी पुस्तक तिच्याकडं सरकवलं. मग त्यांनी जिन्यातच विचारायला हवं होतं ते आता विचारलं. "बरं, मग सांग. हा ओंबो काका आहे का मामा?"

"कोणीच नाही," छोटी म्हणाली. "आधी कोणीच नव्हता. तो तिच्या आईचा मित्र होता. मग त्यांच्याकडं राहायला आला. ही बारीक ओळ बघा ना, आईनं घाईत सांगायची राहिलेली. ती विचारते, मी तुला काय म्हणू? आणि तो म्हणतो, ओंबो म्हण, मला आवडेल."

"असं सरळ सांगतो?"

"हो. नाहीतर तिला कसं कळणार?"

कानामात्रांनी फडकं बशीत ठेवलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. दहा महिने जी गोष्ट तोंडावर येऊन परत जात होती ती शेवटी निघाली. "तू मला 'अहो' का म्हणतेस गं?"

छोटी पट्टीची कड नखानं उचलत राहिली. "मी आले ना, पहिल्या दिवशी, तेव्हा एक चित्र दिलं होतं तुम्हाला. आपल्या घराचं. त्याच्यावर 'आजोबाना' असं लिहिलं होतं. तुम्ही त्याच्यावर लाल पेन मारलं आणि मला परत दिलं."

"लाल?"

"टिंब. शाळेत लाल मारलं की चूक असते. मला वाटलं, तुम्ही आजोबा नाही. म्हणजे तसं म्हणायचं नाही."

कानामात्रांना काही आठवेना. चाळीस वर्षांत लाखो टिंबं दिली, त्यातलं हे एक. हातानं दिलं असेल, हातानंच विसरलंही असेल. पोर मात्र दहा महिने ते टिंब मनात घेऊन या घरात वावरत होती, आणि हे बसले होते रुसून. एवढी लाज त्यांना सकाळी चाळीस मुलांसमोरही वाटली नव्हती.

"अगं, शब्द बरोबर होता," ते कसंबसं म्हणाले. "अगदी बरोबर होता. नुसता अनुस्वार राहिला होता. 'आजोबांना' असं पाहिजे. मोठ्या माणसाला आदर म्हणून देतात."

छोटीनं विचार केला. "म्हणजे टिंब दिलं की आदर होतो?"

"हो."

"मग तुम्ही स्वतःच स्वतःला आदर दिलात?"

कानामात्रांनी चष्मा कपाळावर चढवला. आणि मग ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं.

"मग आता काय म्हणू?" छोटीनं विचारलं.

"आजोबा म्हण," ते इतक्या घाईनं म्हणाले, की शब्द एकमेकांवर आदळले. "मला आवडेल. फार आवडेल."

"बरं," ती म्हणाली. हातातली पट्टी पुरी सोडवली, बशीच्या काठावर वाळत घातली, हात फ्रॉकला पुसले आणि खुर्चीवरून उतरून आत गेली. कानामात्रा दाराकडं कान लावून बसले. आत डबा उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला.

"आजी," छोटी आतून म्हणाली, "आजोबांना भूक लागलीय."

भांड्यावरचा चमचा थांबला. "कोणाला लागलीय म्हणालीस?"

"आजोबांना!"

बायको दारात आली. पदरानं हात पुसायच्या निमित्तानं तिनं डोळे पुसले. "अहो, मघाशी दहादा विचारलं तेव्हा भूक नाही म्हणालात ना?"

"तेव्हा नव्हती," कानामात्रा म्हणाले. "वाढ."